सौर हवातापकातील खडबडीत पत्रा

वाळवण हा महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवहारातील एक जुना आणि मोठा भाग आहे. सांगली जिल्ह्यात तासगावच्या परिसरात द्राक्षांचे बेदाणे तयार होतात. त्याच जिल्ह्यात हळद शिजवून वाळविली जाते. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची पसरली जाते. कोकणात आमसुले, आंबापोळी आणि सुकी मासळी यांचे काम उन्हावरच चालते. ऊन फुकट मिळते हे खरे, परंतु उघड्यावरील वाळवणास धूळ, माश्या, पक्षी यांचा उपद्रव होतो आणि अवेळी आलेली पावसाची एक सर आठ दिवसांचे काम वाया घालविते. अर्धवट वाळलेल्या मालास बुरशी लागली की त्याचा दर तर पडतोच, शिवाय तो खाणाऱ्याच्या प्रकृतीलाही धोका पोहोचतो.

या अडचणीवर उपाय म्हणून सौर वाळवणी यंत्रे पुढे आली. १९८२ साली केंद्र शासनाने अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि १९८५ मध्ये या राज्यात महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था अस्तित्वात आली. तेव्हापासून सूर्यचूल आणि सौर पाणीतापक यांची ओळख बहुतेकांना झाली. त्या मानाने सौर हवातापक मागे राहिला. त्याचे एक कारण असे की, साधा हवातापक पडलेल्या उन्हापैकी निम्मी उष्णतादेखील पुष्कळदा हवेला देऊ शकत नाही. ही उणीव पत्र्याच्या एका बाजूस बारीक तारा बसवून बऱ्याच अंशी भरून काढता येते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सुधारणेवर भारतातील संशोधकांनी गेली चाळीसहून अधिक वर्षे काम केले आहे. बचत गटासाठी किंवा सहकारी संस्थेसाठी असे यंत्र घेण्याचा विचार ज्या ग्रामपंचायतींपुढे येईल, त्यांना तिचे मर्म आणि तिच्या मर्यादा ठाऊक असणे अगत्याचे आहे.

उष्णता अडते कोठे?

सौर हवातापकाची रचना अगदी साधी असते. एक उथळ पेटी, तिच्यावर काच, काचेखाली काळा रंग दिलेला धातूचा पत्रा, पत्र्याखाली हवा जाण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी आणि सर्वांत खाली उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर. ऊन काचेतून आत येते, पत्रा तापतो, पंख्याने ढकललेली हवा पत्र्याखालून जाताना तापते आणि पुढे वाळवणाच्या कपाटातील ताटांवरून फिरते.

यात दुबळी बाजू हवेची आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. हवेची उष्णतावाहकताही पाण्याच्या विसाव्या भागाहून कमी आहे. गोधडीत, लोकरीत किंवा भुशात अडकलेली हवा ऊब टिकविते ती याच गुणामुळे. हिवाळ्यात उपकारक ठरणारा हा गुण हवातापकात मात्र आड येतो. पत्र्यात उष्णता भरपूर असते, परंतु हवा ती उचलून नेण्यास राजी नसते. मग पत्रा अधिकाधिक तापतो आणि त्याची उष्णता वरच्या काचेतून आकाशाकडे व बाहेरच्या वाऱ्याकडे निघून जाते.

याचे मूळ पत्र्याला अगदी लगटून असलेल्या थरात आहे. वाहणारे हवा-पाणी पृष्ठभागाजवळ संथ होते आणि तेथे एक वेगळा थर बनतो, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडला. नदीच्या मध्यधारेत वेग असतो, पण काठाला आणि तळाला लागून पाणी संथ असते, तसाच हा प्रकार आहे. पोकळीच्या मध्यभागी हवा घुसळत, भोवरे करीत जाते. पत्र्यालगतचा पातळ पापुद्रा मात्र एकावर एक घड्या ठेवल्याप्रमाणे सरळ सरकत राहतो. त्याला स्तरित उपथर म्हणतात. सर्वसाधारण हवातापकात त्याची जाडी मिलिमीटरच्या पाऊण भागाच्या आसपास असते. एवढ्या पापुद्र्यातून उष्णतेला केवळ वहनानेच पलीकडे जावे लागते, आणि हवा तर वहनात मंद. म्हणजे पाऊण मिलिमीटरची ही गोधडीच पत्र्याला आतून पांघरली गेलेली असते.

तारेचे कार्य

ही गोधडी फाडण्यासाठी पोकळीतील सगळी हवा घुसळण्याची गरज नाही. पत्र्यालगतचा पापुद्रा तेवढा मोडला की पुरे. म्हणून पत्र्याच्या हवेकडील बाजूस, हवेच्या वाटेत आडव्या अशा बारीक तारा ठरावीक अंतराने बसवितात. हवा तारेवरून उडी घेते, तारेच्या मागे भोवरा होतो आणि उसळलेला प्रवाह तारेच्या उंचीच्या साधारण सहा ते आठ पट अंतरावर पुन्हा पत्र्यावर येऊन आदळतो. ज्या ठिकाणी तो आदळतो, तेथे पत्र्याची उष्णता सर्वांत वेगाने हवेत उतरते. तेथून नवा पापुद्रा वाढू लागतो न लागतो तोच पुढची तार येते आणि तो पुन्हा मोडतो.

या वर्णनातच दोन मापे दडलेली आहेत. एक माप तारेच्या उंचीचे. तार पापुद्र्यातच बुडून राहिली तर तिचा उपयोग नाही. फार उंच असली तर ती मधल्या मोकळ्या प्रवाहात घुसून निष्कारण अडथळा करते. दुसरे माप दोन तारांमधील अंतराचे. तारा फार जवळजवळ असतील, तर प्रवाहाला पत्र्यावर परत उतरण्यास जागाच उरत नाही आणि तारांच्या माथ्यांवरून तो तसाच निघून जातो. फार दूर असतील, तर मधल्या भागात पापुद्रा पुन्हा जाड होतो. तारेच्या उंचीच्या सुमारे दहा पट अंतर हे सर्वांत फलदायी, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. पंचवीस मिलिमीटर खोल पोकळीच्या हवातापकाला दीड मिलिमीटर जाडीची तार आणि पंधरा मिलिमीटर अंतर, असे हे गणित येते. बाजारच्या भाषेत सांगायचे तर तार सोळा-सतरा गेजची. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद पत्र्याला अशा सुमारे १३३ तारा लागतील आणि लोखंडी तारेचे एकूण वजन दोन किलोच्याही आत राहील.

खडबडीत पृष्ठभागाचा प्रवाहावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत योहान निकुराड्से यांनी नळ्यांच्या आत वाळूचे कण चिकटवून केला होता. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे वायुचक्कीच्या तप्त पात्यांना आतून थंड ठेवण्यासाठी अशाच बारीक फासळ्यांचा उपयोग होऊ लागला. सौर हवातापकाकडे ही कल्पना वळविण्यात मात्र भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. वाळवणासाठीच्या हवातापकावर प्रसाद आणि मल्लिक यांनी केलेले काम १९८३ साली प्रसिद्ध झाले. पत्र्याची उष्णता हवेस देण्याची क्षमता दर्शविणारा गुणांक तारांमुळे ०.६३ वरून ०.७२ वर गेला, असे त्यांना आढळले. ही वाढ सुमारे १४ टक्के होते. प्रसाद आणि सैनी यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात आडव्या तारांमुळे पत्र्याकडून हवेकडे होणारे उष्णतासंक्रमण गुळगुळीत पत्र्याच्या २.३८ पटींपर्यंत वाढले. त्याच वेळी हवेच्या वाटेतील घर्षण मात्र ४.२५ पटींपर्यंत गेले. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि विक्रेत्याच्या पत्रकात तो सहसा छापलेला नसतो.

घर्षण वाढू न देता उष्णता वाढवावी, या दिशेने नंतरचे बहुतेक संशोधन गेले. तार सरळ आडवी न बसविता तिरपी बसविली, तर हवा तारेच्या कडेकडेने सरकत तापलेली हवा बाजूस नेते आणि तिच्या जागी थंड हवा येते. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात तारा बसविल्यास असे दोन आडप्रवाह मिळतात. मोमीन, सैनी आणि सोळंकी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साठ अंशांच्या व्ही-आकाराने उष्णतासंक्रमण २.३० पट झाले, तर घर्षण २.८३ पटच वाढले. म्हणजे लाभ जवळपास तेवढाच आणि त्याची किंमत बरीच कमी. यानंतर कमानीच्या आकाराच्या तारा, विस्तारित धातूची जाळी, साच्याने पत्र्यातच ठोकून काढलेले खळगे असे किती तरी प्रकार तपासले गेले. आकारांची ही यादी आता इतकी लांबली आहे की, तिच्यातील पुष्कळ प्रकार प्रयोगशाळेबाहेर कोणी करू पाहील असे वाटत नाही.

प्रत्यक्ष हिशेब

उष्णतासंक्रमण दुप्पट झाले म्हणजे हवातापक दुप्पट उष्णता देऊ लागला, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. आधीच्याच एक मीटर रुंद व दोन मीटर लांब हवातापकाचे उदाहरण घेऊ. भर दुपारी दर चौरस मीटरवर ८०० वॅट ऊन पडत आहे. काच आणि रंग यांचे नुकसान वजा जाता त्यातील ६४० वॅट पत्र्यात उतरतात. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा जेवढे अंश अधिक तापेल, त्यातील प्रत्येक अंशामागे दर चौरस मीटरला ७ वॅट वाया जातात. पंखा दर सेकंदास ४३ लिटर, म्हणजे साधारण ४८ ग्रॅम हवा ढकलतो.

पत्रा गुळगुळीत असेल तर त्याचे सरासरी तापमान ७१ अंशांच्या जवळपास राहील. हवा सुमारे १५ अंशांनी तापेल आणि तिला सुमारे ७०० वॅट उष्णता मिळेल. पडलेल्या उन्हाच्या मानाने ही कार्यक्षमता ४४ टक्के झाली. आता तारा बसवून उष्णतासंक्रमण दुप्पट केले, तर पत्रा ६० अंशांवर येतो, हवा १८ अंशांनी तापते आणि ८६० वॅट मिळतात. कार्यक्षमता ५४ टक्के होते. पत्रा अकरा अंशांनी थंड झाला हाच येथील लाभ आहे, कारण जी उष्णता काचेतून निसटत होती ती आता हवेत आली. वाळवणाच्या दृष्टीने पाहता, ३० अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा १५ अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २७ टक्क्यांच्या आसपास येते. १८ अंशांनी तापली की २३ टक्क्यांच्या. अशा सहा तासांच्या भर उन्हात जवळजवळ एक युनिट उष्णता अधिक मिळते. तिच्यातील निम्मीच प्रत्यक्ष मालातील पाणी उडविण्यास लागली असे धरले, तरी दररोज सुमारे ७०० ग्रॅम पाणी जास्त उडेल. एका पेटीमागे हा आकडा लहान आहे. दहा पेट्यांच्या यंत्रात तो सात किलोवर जातो आणि ओल्या हळदीच्या किंवा मिरचीच्या ढिगाबाबत तो नगण्य म्हणता येत नाही.

पंख्याची बाजू

या उदाहरणात गुळगुळीत पोकळीतून हवा ढकलण्यास अवघा अडीच पास्कल दाब लागतो. घर्षण तिप्पट झाले तर तो साडेसात पास्कलच्या जवळ जाईल. पाण्याचा एक मिलिमीटर उंचीचा स्तंभदेखील सुमारे दहा पास्कल दाब देतो, हे पाहता ही वाढ क्षुल्लक आहे. हवेला द्यावी लागणारी शक्ती अर्ध्या वॅटच्याही आत राहते. लहान हवातापकात तारांची किंमत पंख्याच्या विजेतून मोजावी लागत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु मोठ्या यंत्रात पेट्या कमी आणि हवा जास्त, अशी रचना केली की चित्र पालटते. हवेचा वेग चौपट केला, तर तिला ढकलण्याची शक्ती पन्नास पटींहून अधिक वाढते. उलट गुळगुळीत पत्रादेखील त्या वेगात आपली बरीचशी उष्णता हवेला देऊ लागतो, त्यामुळे तारांचा लाभ घटतो. वरच्याच पेटीत वेग चौपट केल्यास तारांमुळे मिळणारी जादा उष्णता सुमारे ९५ वॅटवर येते, तर पंखा व मोटर यांची एकत्र कार्यक्षमता ४० टक्के धरता विजेचा जादा खर्च सुमारे ३० वॅट होतो. औष्णिक वीज केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारण तीन युनिट उष्णता जाळावी लागते. तेव्हा या व्यवहारात मिळविले काय आणि घालविले काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. खडबडीत पत्र्याचे क्षेत्र कमी ते मध्यम वेगाच्या हवेचे आहे, आणि सुदैवाने धान्य, फळे, मसाले यांच्या वाळवणास हवेचा वेग तेवढाच लागतो.

ज्या यंत्रांना पंखाच नाही, केवळ तापलेली हवा वर चढते या नियमावर ती चालतात, त्यांत मात्र ही सुधारणा जपून केली पाहिजे. तेथे हवा ओढणारा दाब पास्कलच्या काही अंशांचा किंवा फार तर काही पास्कलचा असतो. वाटेत तारा आल्या की हवाच मंदावते. अशा यंत्रात तारा बसविण्यापेक्षा पोकळी मोकळी आणि धुराडे उंच ठेवणे हिताचे. आज लहान सौर विद्युत पट्टीवर चालणारा पंखा सहज मिळतो. ऊन वाढले की त्याचा वेग आपोआप वाढतो आणि वीज नसलेल्या शेतावरही पंख्याचे यंत्र चालविता येते.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते. काचेच्या कडेची फट, पेटीच्या सांध्यांतून निसटणारी हवा, भिजून निकामी झालेला उष्णतारोधक थर, धुळीने माखलेली काच यांपैकी कोणताही एक दोष तारांनी मिळविलेला सगळा लाभ खाऊन टाकू शकतो. आधी फटी बुजवाव्यात, मग तारांचा विचार करावा.

बसविणे व निगा

तारा नेमक्या कोणत्या बाजूस हव्यात याविषयी घोटाळा होतो. त्या उन्हाकडील काळ्या बाजूस नव्हे, तर हवा वाहते त्या बाजूस बसवावयाच्या असतात. काही यंत्रांत हवा पत्रा आणि काच यांच्यामधून जाते. तेथे वरच्या बाजूस खडबडीतपणा आणला तर काचेकडे जाणारी उष्णताही वाढते. त्यामुळे हवा पत्र्याखालून जाणारी रचनाच या कामी योग्य.

तारा चिकटविण्याचा मसाला उष्णता सोसणारा असावा लागतो. पंखा बंद असताना भर उन्हात पत्र्याचे तापमान शंभर अंशांच्या वर जाते. साधा डिंक त्या वेळी सुटतो आणि लोंबलेल्या तारा हवेची वाट अडवितात. ज्यांना पत्रा साच्याने ठोकून घेणे शक्य आहे, त्यांनी खळग्यांचा पत्रा घ्यावा. त्यात सुटण्यासारखे काही नसते आणि वजनही वाढत नाही. हवा आत येण्याच्या तोंडावर बारीक जाळी अवश्य असावी. ती नसली तर तारांमागच्या खाचांत धूळ साठते, आणि यंत्र हंगामाबाहेर पडून असताना कुंभारीण माशी आत मातीची घरटी करते. पुढच्या वर्षी यंत्र का चालत नाही, याचा शोध मग पंख्यात घेतला जातो.

परीक्षा कशी घ्यावी?

सौर यंत्राच्या प्रात्यक्षिकात बाहेर पडणाऱ्या हवेत तापमापक धरून दाखविण्याची पद्धत आहे. पारा जितका वर, तितके यंत्र चांगले, अशी पाहणाऱ्यांची समजूत होते. ही परीक्षा फसवी आहे. वरच्या उदाहरणातील गुळगुळीत पत्र्याच्याच पेटीत पंख्याची हवा निम्मी केली, तर बाहेरची हवा १५ अंशांऐवजी जवळजवळ २२ अंशांनी तापलेली मिळेल. उष्णता मात्र ७०० वॅटवरून सुमारे ५२० वॅटवर घसरलेली असेल. हवा अधिक गरम आणि वाळवण अधिक मंद, असा हा उलटा प्रकार आहे. तारांनी पंखा दमला आणि हवा कमी झाली, तरीही तापमापक वरच जातो. केवळ त्या आकड्यावर यंत्राची निवड करणारी समिती यामुळे चुकीचे यंत्र स्वीकारू शकते.

म्हणून तापमानाबरोबर हवाही मोजली पाहिजे. वायुवेगमापक असल्यास उत्तम. नसल्यास पातळ प्लॅस्टिकची एक घनमीटर मापाची पिशवी पुरते. ती चपटी करून यंत्राच्या तोंडास लावावी आणि फुगण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. दर सेकंदास ४३ लिटर हवा असेल तर सुमारे २३ सेकंद लागतील. एका सेकंदात येणाऱ्या हवेचे किलोग्रॅममधील वजन, तिचे वाढलेले अंश आणि एक हजार, यांचा गुणाकार म्हणजे मिळणारी उष्णता वॅटमध्ये. एक घनमीटर तापलेल्या हवेचे वजन १.१ किलो धरण्यास प्रत्यवाय नाही.

माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेता येण्यासारखा आहे. सारख्या मापाच्या दोन पेट्या, एकीचा पत्रा गुळगुळीत, दुसरीचा तारांचा, आणि दोन्हींना एकाच प्रकारचा पंखा एवढे साहित्य पुरे. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी, दक्षिणेकडे सारख्याच कलत्या ठेवाव्यात. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान आणि पिशवी फुगण्याचा वेळ यांची नोंद करावी. तापमापकाच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही पंख्यांची अदलाबदल करून त्याच नोंदी पुन्हा घ्याव्यात, म्हणजे पंख्यांमधील फरक पत्र्याच्या नावावर लागणार नाही.